झुंबराचं माहेर

आर्वीत कुणाच्या घरी लग्न निघालं की लोक आधी आचारी गाठतात आणि मग रूपराव निस्तान्यांकडे येतात. पत्रिका मागाहूनही छापता येतात, पण चांगल्या तिथीला आचारी आणि बिछायत मिळाली नाही तर मुलीच्या बापाचं तोंड पाहवत नाही. रूपरावांचं 'रुख्माई बिछायत केंद्र' बाजार समितीच्या रस्त्याला आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, पडदे, नवरदेव-नवरीचा सोफा, सगळं तिथे मिळतं. तसं ते आता गल्लोगल्ली मिळतं. पण काचेचं खरंखुरं झुंबर आर्वीत एकच आहे आणि ते रूपरावांकडे आहे.

नागपुरातलं एक जुनं हॉटेल मोडीत निघालं होतं. रूपराव तिथे खुर्च्या पाहायला गेले आणि झुंबर घेऊन परत आले. पितळेच्या तीन कड्या, एकीखाली एक, आणि त्यांना लोंबणारे दोनशेच्या वर काचेचे लोलक. टेम्पोतून ते उतरवताना सगळी आळी जमली. त्यांच्या बायकोने, मीराबाईंनी, दारातूनच ते पाहिलं आणि म्हणाल्या, "घरात छताले जाळे लटकून राह्यले ते काढा आधी. मंग हे लटकवा." रूपरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. संसारात हे कौशल्य त्यांना पहिल्या वर्षीच साधलं होतं.

पण झुंबर कुणी मागेचना. त्याच सुमाराला एलईडीच्या माळा आल्या होत्या. हलक्या, स्वस्त, सात रंगांत लुकलुकणाऱ्या. झुंबर चढवायला चार माणसं लागत, वर लाकडी वासा पक्का लागे, आणि प्रत्येक वेळी दोन-चार लोलक तरी फुटत. गिऱ्हाईक मान वर करून पाही आणि विचारी, "हे काऊन लावाचं?" हॉटेलात होतं म्हणून लावायचं, असं काही कुणाला सांगता येत नाही.

उत्तर त्यांना पूर्वीच्या धंद्यातून मिळालं. बिछायतीच्या आधी रूपराव भाजीवाले होते. दोन एकरांत वांगी, मेथी, सांबार (तिकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) काढायचे आणि आठवडी बाजारात पोतं अंथरून बसायचे. तिथे त्यांना एक गोष्ट कळली होती: बाई सांबाराची जुडी घेत नाही, ती जुडीबरोबर स्वतःबद्दलचा एक चांगला शब्द घेऊन घरी जाते. म्हणून ते जुडी पुढे करायच्या आधी विचारायचे, "बाई, तुमचं माहेर कुठचं?" बाई गावाचं नाव सांगायची. मग रूपराव म्हणायचे, "तरीच!" या 'तरीच'च्या पुढे काय बोलायचं ते गावावर अवलंबून असे, पण निम्मं काम 'तरीच'नेच झालेलं असे.

कारंजा घाडग्याच्या शकुंतलाबाई मुलाच्या लग्नाची बिछायत ठरवायला आल्या, तेव्हा हेच झालं. बाई करारी, नाकात मोठी नथ, घरची जुनी कास्तकारी. झुंबराकडे पाहून त्यांनी नाक मुरडलं. रूपरावांनी विचारलं, "बाई, मूळ घराणं कारंज्याचंच का?" त्या हो म्हणाल्या. "तरीच!" रूपराव म्हणाले. "झुंबर हा शब्द तुमच्या तिकडचाच हाये ना. पयले मोठ्या कास्तकाराच्या घरी ज्वारीचे निवडक कणसं बांधून आढ्याले लटकवत. बियान्यासाठी. त्याच्या घोसाले म्हनत झुंबर. ज्याच्या घरी मोठं झुंबर, तो मोठा कास्तकार. राजे-रजवाड्यांनी मंग कणसाच्या जागी काच लावली, पन नाव तुमचंच घेतलं."

आढ्याला बियाण्याची कणसं टांगतात हे खरं. बाकी सगळं रूपरावांच्या तोंडून त्या क्षणी बाहेर पडलं होतं, आणि ते ऐकून सगळ्यांत जास्त चकित तेच झाले. शकुंतलाबाईंनी झुंबर ठरवलं. वर लग्नात नवरदेवाच्या मामाकडून त्याला ज्वारीची पाच कणसं बांधून घेतली.

एकदा वाट सापडल्यावर पाय थांबत नाहीत. सेवाग्रामचे बंडूजी दवाखान्यात नोकरीला, अंगात खादी, मुलीचं लग्न अगदी साधं करायचं म्हणून आलेले. साध्या लग्नात झुंबर कशाला? रूपराव म्हणाले, "झुकते ते झुंबर, बंडूजी. सगळ्यायच्या वर राहून बी ज्याची मान खाली, ते झुंबर. याच्यापेक्षा साधी वस्तू कोनती सांगा." बंडूजींनी झुंबराला हात जोडले. साध्या लग्नात झुंबर लागलं आणि त्याखाली बंडूजींनी पाहुण्यांना नम्रतेवर पंधरा मिनिटं ऐकवलं. हायवेवर ढाबा चालवणारे श्रावणजी आले, त्यांना रूपरावांनी सांगितलं की पंजाबकडचे ड्रायव्हर ट्रकच्या काचेवर जे गोंडे लावतात ते मूळ झुंबर, आणि ही काचेची कला ढाब्यांवरूनच गावागावांत उतरली. श्रावणजींनी लग्नाबरोबर बारशालाही झुंबर ठरवून टाकलं.

आता कुणी म्हणेल, हा माणूस थापाड्या. रूपरावांना तसं कधी वाटलं नाही. खोट्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. मुलीला, मेघाला, त्यांनी लहानपणापासून एकच शिकवण दिली होती, की चूक झाली तर सांग, पण खोटं बोलू नको. त्यांच्या लेखी खोटं वेगळं आणि गिऱ्हाइकाला त्याच्या घराण्याबद्दल बरं वाटेल असं बोलणं वेगळं. शिवाय त्यांना त्यात आनंद होता. सातवीत शाळा सुटलेला माणूस, जन्मभर लोकांनी त्यांना 'खुर्च्या किती' आणि 'टेम्पो केव्हा' एवढंच विचारलेलं. झुंबराखाली उभं राहून बोलताना लोक त्यांच्याकडे तोंड वर करून बघत. निदान झुंबराकडे बघताना मध्ये त्यांचं तोंड येई.

पंधरा वर्षं गेली. मेघा वर्ध्याच्या कॉलेजात मराठी घेऊन एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचली. प्रबंधिका लिहायची होती. तिच्या मार्गदर्शक पौर्णिमा मॅडम, बायकांच्या लोकगीतांच्या अभ्यासक. त्या म्हणाल्या, लग्नमांडवातला एखादा शब्द घे आणि त्याचा माग काढ. मेघाने घरचाच शब्द घेतला. त्या संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "बाबा, मॅडमनं कोश दाखवला. झुलनं, झुमका, झुबका, त्याच घरातला शब्द दिसते म्हने झुंबर. घोसानं लोंबते आन् झुलते, ते झुंबर. बस."

"बस?" रूपराव म्हणाले.

"बस. याच्या पुढं नक्की कोनी सांगू शकत नाई. आता लोकं काय सांगतात ते गोळा कराचं हाये."

रूपरावांना वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या पितळी वस्तूला एवढंसं मूळ. त्यांना वाटलं, मुलगी आता आपल्याला विचारील. ते सदऱ्याची बटणं लावून खुर्चीत नीट बसलेसुद्धा. पण पिकतं तिथे विकत नाही. मेघा म्हणाली, "बाबा, उद्या स्कूटी मी नेते. तुमी टेम्पोनं जा." आणि ज्यांच्या मांडवात झुंबर लागलं होतं त्यांची नावं बापाच्या वहीतून उतरवून घेऊन गावोगाव हिंडायला निघून गेली.

आठ दिवसांनी ती परतली ती हरखून. चहाचा कप हातात धरूनच वाचायला लागली. कारंज्याच्या शकुंतलाबाईंनी सांगितलं होतं की झुंबर म्हणजे ज्वारीच्या कणसांचा घोस. त्यांच्या घराण्यात चार पिढ्यांपासून नवरदेवाचा मामा झुंबराला कणसं बांधतो. आता आसपासच्या घरांतही बांधतात, त्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. सेवाग्रामच्या बंडूजींनी सांगितलं होतं की 'झुकते ते झुंबर' ही त्यांच्या आजोबांची शिकवण. श्रावणजींनी ट्रकचे गोंडे दाखवून फोटोच काढून दिला होता, आणि हे त्यांच्या वडिलांनी खुद्द अमृतसरला ऐकलं होतं. रूपरावांच्या माहितीप्रमाणे श्रावणजींचे वडील अकोल्याच्या पुढे कधी गेले नव्हते.

"मॅडम म्हनल्या, हे तर मौखिक परंपरेचं सोनं हाये," मेघा म्हणाली. "पुस्तक छापू म्हनल्या."

रूपरावांना चहाचा ठसका लागला. मीराबाईंनी पाठीवर थोपटलं. रूपरावांनी मुलीकडे पाहिलं नाही.

पहिले दोन दिवस, खरं सांगायचं तर, त्यांना गुदगुल्याच झाल्या. आपलं बोलणं पुस्तकात छापणार! भले आपलं नाव नसेना. मग तिसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू मोजता मोजता त्यांचा आकडा चुकला. उद्या कुणी शहाणा निघाला आणि म्हणाला, ही तर आर्वीच्या बिछायतवाल्याची बडबड, तर नाव कुणाचं जाईल? पुस्तकावर मुलीचं नाव असणार. आणि मुलगी विचारील, बाबा, तुम्हाला ठाऊक होतं ना? एवढा एकच प्रश्न त्यांना पेलवणारा नव्हता.

त्यांनी ठरवलं, ज्यांना सांगितलं त्यांच्याकडूनच खरं वदवून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ते कारंज्याला गेले. शकुंतलाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. रूपरावांनी हात जोडून सांगितलं, "बाई, ते कणसाचं म्याच सांगतलं होतं तुमाले. तुमच्या पोराच्या लग्नात. बनवून सांगतलं होतं."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "तू सांगतलं? अगा, माह्ये सासरे सांगत होते ते. मी नवी नवरी होती, तवा या ओसरीत बसून सांगत."

"बाई, तवा झुंबर कुठं पाह्यलं होतं कोनी कारंज्यात?"

"कणसं तं पाह्यले होते ना!" बाईंचा आवाज चढला. "आमच्या घरची गोष्ट आमालेच खोटी सांगून राह्यला. आन् लोकाच्या पूर्वजाचं श्रेय घ्याले आला वरतून. दिवे लावनारा मानूस तू, दिवे लाव." तरी जाताना त्यांनी चहा दिला, कारण चहा न देता पाठवणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. हे मात्र रूपरावांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

बंडूजींकडेही तेच. बंडूजी चिडले नाहीत, नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रूपरावजी, माणसाले वयानं भ्रम होते. माह्या आजोबाचे शब्द हायेत ते." श्रावणजींकडे रूपराव गेलेच नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी एकेक माणूस गाठून त्यांनी जे पेरलं होतं ते आता इतकं उगवलं होतं की पेरणाऱ्यालाच बांधावर उभं राहू देत नव्हतं.

मग उरली मेघा. रविवारी सकाळी अंगणात चादर पसरून दोघं लोलक पुसत बसली होती. हे काम ती लहानपणापासून बापाबरोबर करी. रूपरावांनी एक लोलक चार वेळा पुसला आणि म्हणाले, "मेघा, ते तिन्ही गोष्टी माह्या हायेत."

"कोनत्या गोष्टी?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांबाराच्या जुडीपासून सांगितलं. मेघा ऐकत राहिली. तिला हसू येईल अशी त्यांना थोडी आशा होती. ती हसली नाही. "पंधरा वर्षं?" ती म्हणाली. "आन् मी लोकायच्या घरी जाऊन रेकॉर्डिंग करून राह्यली होती, तवा बी तुमी चूप?" उठून आत गेली. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. मीराबाईंनीही वाढताना भाजी अशी काही वाढली की रूपरावांना आणखी मागायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने प्रबंधिकेचं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. तिन्ही कथांपुढे 'मूळ सांगणारा' या रकान्यात तिने एकच नाव घातलं: रूपराव निस्ताने, वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी, व्यवसाय बिछायत. खोटं बोलू नको हे तिला ज्यांनी शिकवलं होतं त्यांचंच नाव तिने गोष्टी रचणारा म्हणून लिहिलं, आणि वर्ध्याला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा डोळे सुजलेले होते.

मॅडमनी सही केली नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, "मेघा, तीन गावांतले लोक सांगतात आजोबांनी सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं. आणि तू म्हणतेस सगळं एकाच माणसाने रचलं, आणि तो माणूस तुझे वडील? बाहेरचे परीक्षक म्हणतील, पोरीने घरी बसून लिहिलं. एक तर पहिलं लिहिलं होतंस तसं ठेव, नाहीतर पुरावा आण. शनिवारी शेवटची तारीख आहे." शनिवार चुकला की वर्ष गेलं.

खोटं होतं तोवर ते सोनं होतं. खरं केलं आणि लबाडी ठरली. शुक्रवारी सकाळी रूपरावांनी अंगात धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चाल, मी येतो."

दुपारी बाप-लेक पौर्णिमा मॅडमच्या खोलीत बसले. मॅडम भल्या होत्या, त्यांनी पाणी मागवलं. पण पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न विचारला. "काका, तुमचं मन मोठं आहे. पण तुम्हीच रचलं याला आधार काय? त्या घरांतलं कुणी मान्य करेल?"

"नाई करत मॅडम. जाऊन आलो."

"मग मी काय करू सांगा."

आपण खोटं बोललो होतो हे माणसाने सिद्ध कसं करावं? रूपराव टेबलाकडे बघत राहिले. टेबलावर कागदांचे गठ्ठे होते, वरच्या गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'भुलाबाईची गाणी, पुलगाव परिसर' असं लिहिलेलं. खुंटीला कापडी पिशवी. रूपरावांनी मान वर केली.

"मॅडम, तुमचं माहेर कुठचं?"

"नाचणगाव. का हो?"

"तरीच!" रूपराव म्हणाले. मेघाने चटकन त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाले मालूम असनच मंग. भुलाबाई बसवत असतीन तुमच्याकडं."

"बसवत म्हणजे? महिनाभर! पाटावर मातीची मूर्ती, पुढे साऱ्या पोरी, रोज गाणी, रोज खिरापत."

"तेच. या तिघायच्या गोष्टी जाऊ द्या मॅडम, त्या गड्यायच्या गोष्टी. खरं मूळ तुमच्या नाचणगावचं हाये, म्हून कोनी सांगत नाई. बायकायचं कोन लिहून ठेवते? भुलाबाईच्या वर, कडीपाटाले, पोरी खापराच्या पणत्या दोरीनं बांधत. एकीखाली एक. घरातली म्हातारी बाई बांधून देत. पोरी टाळ्या वाजवून गानं म्हनाले लागल्या की त्या पणत्या झुलत. ज्या घरी पोरी जास्त, त्या घरचं झुंबर मोठं. पोरायवरून नाई, पोरीवरून घर मोठं मानत मॅडम. आन् ती बांधनारी म्हातारी, तिले साऱ्या गावात झुंबराआजी म्हनत."

मॅडमनी पेन कधी उचललं ते त्यांनाही कळलं नसावं. चार ओळी लिहून झाल्या होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "थांबा जरा. माझी आजी... माझी आजी बांधायची हो! कडीपाटाला काहीतरी बांधायची ती, आम्ही खाली बसायचो. पणत्याच असणार. मला इतकी वर्षं आठवलंच नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे टिपले. "मेघा, लिहून घे तू पण."

मेघा लिहीत नव्हती. ती बापाकडे पाहत होती. इतकं छान रूपरावांना आजवर कधीच जमलं नव्हतं, आणि बाईंचं लिहिणं थांबवायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हे म्या आत्ता बनवलं. इथं बसून. तुमचा गठ्ठा पाहून."

आधी मॅडमचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी लिहिलेल्या चार ओळी वाचल्या, मग खिडकीबाहेर बघितलं. शेवटी त्यांनी मेघाची प्रबंधिका ओढून घेतली, 'मूळ सांगणारा' हा रकाना एकदा वरून खालपर्यंत नजरेखालून घातला आणि सही केली. "पुरावा मिळाला," त्या म्हणाल्या. "आज जे झालं ते शेवटच्या प्रकरणात लिही. माझं नाव घालू नको."

रूपराव उठले. हात जोडले. दाराशी पोचले तेवढ्यात मॅडमनी हाक मारली. आवाज आता प्राध्यापिकेचा राहिला नव्हता. "काका, तुमचं रचलेलं ते समजलं मला. पण आजीचं... तिने पणत्या बांधल्या असतील ना? मला तिचे हात दिसले हो आत्ता."

रूपरावांनी निदान त्या दिवसापुरतं तरी आता खरंच बोलायचं ठरवलं होतं. ते खाली मान घालून उभे राहिले. उत्तर मेघाने दिलं.

"असतीलच ना मॅडम," ती म्हणाली. "नाचणगावची आजी आहे. तिने नाही बांधायच्या तर कुणी?"

मॅडमचा चेहरा उजळला. मेघाने ते इतक्या सहज आणि इतक्या मायेने म्हटलं होतं की रूपराव तिच्याकडे पाहतच राहिले. तिला हे त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. आता तिला रागवावं की काय करावं, ते त्यांना बस स्टँड येईपर्यंत सुचलं नाही.